रविवारची मॅच, सासूबाई आणि कोपऱ्यावरचं मेक्सिकन: कधी जावं, काय मागवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ अर्व्हिंगला तुम्ही नुकत्याच राहायला आलात. मिस्टरांच्या ऑफिसातल्या मंडळींनी रविवारी जवळच्या एका मेक्सिकन ‘ग्रिल अँड कँटिना’मध्ये मॅच बघायला आणि जेवायला बोलावलंय. सांगलीहून सासू-सासरे आलेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासरे सगळं खातात, एखादी बिअरही घेतात. मुलगा सात वर्षांचा. तर गोंगाट झेपेल का, मुलाला बारमध्ये चालतं का, कोणाला काय मागवावं आणि टिप किती ठेवावी?

याच भागातल्या अशाच एका रेस्टॉरंटमध्ये मी आधी सर्व्हर आणि मग फ्लोअर मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढली. तिथे मराठी-हिंदी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे देशी टेबलं आपोआप माझ्याकडे यायची आणि तुमचे बहुतेक प्रश्न मी उभ्याउभ्या, हातात चिप्सची टोपली घेऊन ऐकलेले आहेत.

जरूर जा. फक्त बाराच्या ठोक्याला जाऊ नका.

रविवारी दुपारी बारा ते दीड ही टेक्सासातल्या टेक्स-मेक्स (टेक्सासच्या वळणाच्या मेक्सिकन) रेस्टॉरंटची आठवड्यातली सगळ्यात कठीण वेळ. चर्च सुटलेलं असतं, इस्त्रीच्या कपड्यांतली आठ-आठ, दहा-दहा जणांची कुटुंबं दारात उभी असतात आणि नेमकी बारालाच फुटबॉलची पहिली मॅच सुरू होते (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला). दीडच्या आसपास हाफटाइम होतो. तो जेमतेम १३ मिनिटांचा, आणि त्या १३ मिनिटांत अख्ख्या हॉलला एकदम भूक लागते. आत स्वयंपाकघरात ऑर्डरचं छोटं प्रिंटर असतं. हाफटाइमला त्यातून निघणारी कागदाची पट्टी खाली लोंबत लोंबत जमिनीला टेकते आणि तव्यावरचा माणूस मान वर न करता फक्त हात लांब करून तिचे तुकडे फाडत असतो. अशा वेळी तुमच्या ऑर्डरखाली सर्व्हरने इमानदारीत टाइप केलेली ‘चरबी नको, चिकनचं पाणी नको’ ही ओळ कोणी वाचत नाही. त्या माणसाचा दोष नाही. पण शाकाहारी जेवण नीट मिळायचं असेल तर स्वयंपाकघराला तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची उसंत असली पाहिजे, आणि ती उसंत मॅचचं घड्याळ ठरवतं.

म्हणून मंडळींना सांगून ३:२५ ची मॅच ठरवा. आपण सव्वादोन-अडीचला पोचा. चर्चची गर्दी ओसरलेली असते, पहिल्या मॅचचा उत्तरार्ध चालू असतो, म्हणजे बघणारे बघत असतात आणि मागवणारे मागवून मोकळे झालेले असतात. आल्या आल्या जेवण सांगून टाका. अर्ध्या तासात पानं समोर येतील, निवांत जेवण होईल आणि मॅच सुरू होईल तेव्हा टेबलावर फक्त चिप्स आणि ग्लास उरतील. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. मॅच सुरू होईपर्यंत ‘बघू, थांबा जरा’ करतात आणि हाफटाइमला हात वर करतात.

शनिवारी दुपारी तीन-चारला फोन करून ठेवा. मॅचच्या दिवशी रिझर्व्हेशन घेत नाहीत असं सांगतील, पण बरीच ठिकाणं यादीत नाव लिहून ठेवतात. त्याच फोनवर डायनिंग हॉलमधलं टेबल हवंय असंही सांगा. बारच्या उंच स्टुलांवर लहान मुलांना बसवत नाहीत, हा बहुतेक जागांचा घरचा नियम. डायनिंग हॉलमध्ये मुलांना काहीच आडकाठी नाही, उलट कागद आणि रंगीत खडू मिळतात. आवाजाचं म्हणाल तर टीव्ही पंधरा असले तरी आवाज एकाच मॅचचा सोडलेला असतो, बाकीचे मुके. तो आवाज बारकडच्या स्पीकरमध्ये जास्त असतो, म्हणून बारपासून दोन रांगा लांब बसलात तरी बोलणं ऐकू येतं. डॅलसच्या संघाने, म्हणजे काउबॉईजनी, गुण घेतला की मात्र एकदम कल्ला होईल, त्याची सासऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बूथ, म्हणजे टेबलाला जोडलेले गादीचे बाक, घेऊ नका. बूथ दिसतं छान, पण त्यात बुडावर सरकत सरकत आत जावं लागतं आणि बाथरूमला जायचं तर सगळ्यांना उठवावं लागतं. सरळ खुर्च्यांचं टेबल मागा.

आता मुख्य मुद्दा, सासूबाईंचं पान.

‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलंत तर सर्व्हर ‘हो’ म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. त्याच्या लेखी मांस म्हणजे दिसणारा तुकडा. चरबी, चिकनचं पाणी, बुलियनची (आटवलेल्या रश्श्याची) पूड हे त्याच्या हिशोबात चव आणणारे पदार्थ, मांस नव्हे. कित्येकदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं, कारण तो आला तेव्हा पातेलं तयार होतं. म्हणून जिन्नसाचं नाव घेऊन विचारायचं, आणि ‘आत जाऊन विचारून येता का’ असं म्हणायचं. यात कोणाला राग येत नाही. राग येतो तो पान समोर आल्यावर परत पाठवलं की.

पहिल्यांदा रिफ्राइड बीन्स. पिंटो बीन्स या राजम्याच्याच जातीच्या. शिजवून, चेचून, स्निग्ध पदार्थात परततात. तो स्निग्ध पदार्थ परंपरेने डुकराची चरबी, म्हणजे मान्तेका. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तेलच वापरतात, पण गृहीत धरू नका. त्यातही गंमत अशी की स्वयंपाकी ‘मान्तेका आहे’ म्हणाला तरी तो डबा वनस्पती तुपाचा असू शकतो, त्यालाही मान्तेकाच म्हणतात. डुकराची की वनस्पतीची, हे स्पष्ट विचारा. चार्रो बीन्स नावाचा पातळसर प्रकार असतो, त्यात बेकन घालतातच, त्याची चौकशीसुद्धा नको. काळ्या बीन्स बहुधा तेलातल्या असतात. विचारून त्याच घ्या.

लाल भात सोडून द्या. तो लाल टोमॅटोमुळे होतो, पण तांदूळ परतल्यावर जे पाणी घालतात त्यात चिकन बुलियनची पिवळी पूड बहुतेक ठिकाणी पडतेच. आणि हा भात सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेला असतो, तुमच्यासाठी वेगळा होणार नाही. त्याऐवजी काळ्या बीन्स जास्त वाढा म्हणावं, वाढतात.

मग चीज एन्चिलाडा, म्हणजे टॉर्टियात (मक्याच्या पातळ पोळीत) चीज गुंडाळून वर रस्सा ओतलेला पदार्थ. देशी शाकाहारी माणूस टेक्सासात सगळ्यात जास्त फसतो तो इथे. मेन्यूवर लिहिलेलं असतं ‘चीज एन्चिलाडा’, आत खरोखरच फक्त चीज असतं, आणि वर ओतलेली असते चिली ग्रेव्ही. ही ग्रेव्ही मैदा, चरबी, जिरं, लाल मिरचीची पूड यांची, आणि तिचं पाणी म्हणजे बहुधा बीफचा रस्सा. काही ठिकाणी तर त्यात बीफचा खिमाच असतो. दिसायला ती नुसती तांबूस आमटी. टेक्स-मेक्सचा हा मानाचा पदार्थ आहे, माझ्या बरोबरचे कित्येक टेक्सन त्याच्यावर जीव टाकतात, त्यामुळे मेन्यूत ‘यात बीफ आहे’ असं लिहायची कोणाला गरजच वाटत नाही. एन्चिलाडा खायचाच असेल तर वर केसो घालून द्या म्हणावं. केसो म्हणजे वितळवलेलं प्रोसेस्ड चीज, त्यात मिरची-टोमॅटो. साधा केसो मागा, कारण खिमा घातलेलाही मिळतो. ‘मग सावर क्रीम सॉस घालतो’ असं सर्व्हर सुचवेल. तो पांढरा आणि सात्त्विक दिसतो, पण बहुतेक वेळा त्याचा पाया चिकनच्या पाण्याचाच असतो. टॉर्टिया सूपचंही तेच.

टॉर्टिया दोन प्रकारच्या. मक्याची म्हणजे मका, पाणी आणि चुना. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून केलेली. ती सासूबाईंना बिनघोर चालेल. मैद्याची मऊ असते आणि मुलांना आवडते, पण तिच्यात चरबी किंवा वनस्पती असते, म्हणून ती विचारून घ्या. चिप्स मक्याच्याच. फक्त ही जागा स्पोर्ट्स बारही असल्यामुळे तिथे चिकन विंग्ज तळल्या जातात, तेव्हा चिप्सची कढई वेगळी आहे का ते विचारा. जिथे चिप्सचा खप मोठा तिथे बहुधा वेगळी असते. काही ठिकाणी तर चिप्स बाहेरून तळूनच येतात आणि इथे नुसत्या गरम कपाटात ठेवतात.

अंड्याचे सापळे वेगळे. चिले रेयेनो, म्हणजे चीज भरलेली मोठी पोब्लानो मिरची. ऐकताक्षणी मराठी माणसाला भरली मिरची आठवते आणि तो खूश होऊन मागवतो, पण तिचं आवरण फेटलेल्या अंड्याचं. मक्याचं कणीस, एलोते, वर मेयोनेज लावून देतात, त्यातही अंडं. मेयो न लावता नुसतं लिंबू, मिरची आणि चीज लावून मिळतं आणि माझ्या मते ते जास्त चांगलं लागतं. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते, वासराच्या जठरातलंही असतं) किंवा काही सावर क्रीममध्ये असणारं जिलेटिन यांबद्दल मात्र सर्व्हरला विचारण्यात अर्थ नाही, ते डब्यावर वाचूनच कळतं. तिथपर्यंत पाळायचं असेल तर चीज आणि क्रीम दोन्ही वगळा.

स्वयंपाकघरात निरोप पोचवायला एक ओळ पाठ करा: ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो, सिन वेवो’, म्हणजे चरबी नको, चिकनचं पाणी नको, अंडं नको. उच्चार चुकला तर कोणी हसणार नाही. हसले तरी प्रेमाने, आणि मग स्वयंपाकी खिडकीतून डोकावून बघतोच की हे म्हणणारं कोण आहे. ‘ॲलर्जी आहे’ असं खोटं मात्र सांगू नका. ॲलर्जी म्हटलं की मॅनेजरला बोलवावं लागतं, तवा घासावा लागतो, हातमोजे बदलावे लागतात, आणि गर्दीच्या दिवशी ‘आम्ही खात्री देऊ शकत नाही’ म्हणून सरळ नकार येतो. ‘धर्मामुळे खात नाहीत’ म्हणा. टेक्सासात हे वाक्य लगेच समजतं, आणि त्याचा मान राखतात.

तर सासूबाईंसाठी माझी ऑर्डर अशी असेल: ग्वाकामोले, भाज्यांचा फहीता, सोबत मक्याच्या टॉर्टिया, काळ्या बीन्स आणि चिलेस तोरेआदोस. ग्वाकामोले ताजं करतात का ते बघा. त्यात आवोकादो, लिंबू, मीठ, कांदा, कोथिंबीर आणि मिरची याखेरीज काही नसतं, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तोरेआदोसबद्दल थोड्या वेळाने सांगतो, आधी फहीता, म्हणजे भाजलेल्या भाज्या किंवा मांसाच्या पट्ट्या, टॉर्टियात गुंडाळून खायच्या.

फहीता येताना तुम्ही पाहिला असेल: चुर्रर्र आवाज, धुराचा लोट आणि आजूबाजूच्या सगळ्या माना वळलेल्या. आतली बाजू अशी. भाज्या आणि मांस भाजले जातात तव्यावर किंवा जाळीवर. तुमच्यासमोर येते ती बिडाची थाळी वेगळीच, आचेवर नुसती तापत ठेवलेली. भाजलेला कांदा, सिमला मिरची, झुकिनी त्यावर पसरतात आणि खिडकीतून उचलताना सर्व्हर वर लिंबाचं पाणी किंवा तेल शिंपडतो. चुर्रर्र होतं ते त्या शिंतोड्यांचं. हा देखावा आहे हे आम्हाला माहीत असतं, आणि एका टेबलावर फहीता गेला की पुढच्या पाच मिनिटांत आणखी तिघे मागवतात हेही. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की ज्या थाळीवर सासूबाईंच्या भाज्या येणार तिच्यावर आधीच्या फेरीत बीफ असू शकतं, आणि भाज्याही बऱ्याचदा मांसाच्याच तव्यावर परततात. ‘भाज्या वेगळ्या पॅनमध्ये परता आणि साध्या ताटलीत द्या’ असं सांगा. चुर्रर्र होणार नाही, पण काम होईल. सासऱ्यांसाठी मात्र स्कर्ट स्टेकचा, किंवा बीफ नको असेल तर चिकनचा फहीता थाळीवरच येऊ द्या. या पदार्थाचा उगम दक्षिण टेक्सासच्या रँचेसवरचा, जिथे गुराख्यांच्या वाट्याला हा स्वस्त, चिवट भाग यायचा. तो शहरी रेस्टॉरंटच्या मेन्यूवर गाजला तो १९७३ नंतर, ह्यूस्टनच्या ‘निन्फाज’मुळे.

दोघांच्या ताटात मांसाचा तवा सामायिक असणं सासूबाईंना खरोखरच सहन होत नसेल, तर एक स्पष्ट सांगतो: रविवारी त्यांना नुसतं ग्वाकामोले-चिप्स आणि सरबत द्या, घरून जेवून निघा, आणि त्यांना त्याच जागी मंगळवारी दुपारी अडीचला पुन्हा घेऊन जा. तेव्हा हॉल रिकामा असतो, स्वयंपाकी गप्पा मारायच्या मूडमध्ये असतो, तवा घासून देतो आणि मेन्यूत नसलेलं काहीतरी करूनही देतो. रविवारी तीच माणसं तुम्हाला तुसडी वाटली असती.

तिखटाबद्दल आपल्या लोकांची तक्रार ठरलेली: ‘हे काय, गोडच लागतं!’ टेबलावर फुकट येणारा साल्सा सगळ्या गावाला झेपेल असाच केलेला असतो. त्यावर इलाज मेन्यूत नसतो. चिलेस तोरेआदोस मागा: अख्ख्या हालापेन्यो किंवा सेरानो मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, मीठ आणि लिंबू मारून. सेरानोच मागा, ती हालापेन्योपेक्षा बरीच झणझणीत असते. किंवा विचारा, ‘आतली माणसं जेवताना खातात तो साल्सा आहे का?’ बहुतेक स्वयंपाकघरात चिले दे आर्बोल किंवा हाबानेरोचा एखादा डबा स्वतःसाठी करून ठेवलेला असतो. हाबानेरोच्या बाबतीत मात्र सांगलीची ऐट दाखवू नका. ती चवीला फळासारखी सुरू होते आणि गिळल्यावर खरी कळते. सासऱ्यांना हेही सांगा की मिरची, टोमॅटो, मका ही मंडळी मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेली. माझ्या टेबलांवरच्या किती तरी काकांनी हे ऐकल्यावर साल्साकडे जरा आदराने पाहिलंय.

पेयांमध्ये सासूबाई आणि मुलासाठी आग्वा फ्रेस्का बघा. हामायका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड आंबट-गोड सरबत, तामारिंदो चिंचेचं, ओर्चाता तांदूळ-दालचिनीचं. साखर कमी करता येत नाही, कारण बनवून ठेवलेलं असतं, पण निम्मा ग्लास साधा सोडा घालून मागता येतं. सासऱ्यांना बिअर: मोडेलो, पॅसिफिको, दोस एकिस, यांत फारसं चुकत नाही. मोडेलो एस्पेसियालने २०२३ मध्ये विक्रीच्या रकमेत अमेरिकेत पहिला नंबर मिळवला, त्यामुळे ती सगळीकडे असते. कोणी मिचेलादा सुचवली तर बिअरमध्ये लिंबू, मिरची, सॉस आणि पुष्कळ ठिकाणी क्लॅमाटो असतं हे ध्यानात ठेवा. क्लॅमाटो म्हणजे शिंपल्यांचा अर्क घातलेला टोमॅटोचा रस. सासऱ्यांना चालेल, सासूबाईंनी चुकून घोट घेऊ नये. आणि सासऱ्यांचा पासपोर्ट बरोबर घ्या. केस पांढरे असले तरी काही जागा सरसकट सगळ्यांकडे ओळखपत्र मागतात, आणि भारतातलं लायसन्स चालेलच असं नाही. यात अपमान मानू नका. २१ वर्षांखालच्या माणसाला दारू दिली तर सर्व्हरला वैयक्तिकरीत्या भोगावं लागतं.

मार्गारिटा (टकीला आणि लिंबाचं कॉकटेल) घ्यायची असेल तर निदान एकदा फ्रोझन घ्या, कारण ती या गावाची देन आहे. १९७१ मध्ये डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात मार्गारिटा घालून पाहिली. टेक्सासात ग्लासावर मद्य विकायची परवानगी तेव्हा नुकतीच मिळाली होती, त्यामुळे गर्दी लोटली आणि बारटेंडरला लिंबं पिळून पिळून एकसारखी चव देणं जमेना, त्यावरचा हा तोडगा. ते मूळ यंत्र आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातली गोड लागते म्हणून भराभर पिऊ नका, टकीला त्यातही असतेच. नीट चव हवी असेल तर बर्फावरची, ताज्या लिंबाची, शंभर टक्के आगावेची (घायपाताच्या जातीचं झाड) टकीला घालून मागा. एरवी नाव न सांगता मागितली तर बार जी ओततो ती टकीला ५१ टक्के आगावेची असली तरी कायद्याने टकीलाच असते.

मॅच आणि मेक्सिकन खाणं हे लग्न इथलंच आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं. नाचोज, म्हणजे चिप्सवर वितळवलेलं चीज, हा पदार्थ १९४० च्या दशकात सीमेपलीकडे पिएद्रास नेग्रासला इग्नासियो आनाया यांनी केला असं सांगतात. ‘नाचो’ हे त्यांचंच लाडकं नाव. पण मैदानात तो आला १९७६ मध्ये, इथून जवळच्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये. फ्रँक लिबर्टो यांनी पंपातून ओतता येईल असं चीज सॉस आणलं, म्हणजे रांग थांबायला नको. तुमच्या टेबलावर जे येईल ते यांपैकी कोणतं, हे ताटलीवरून कळतं. प्रत्येक चिपवर वेगळं चीज आणि एक मिरचीची चकती बसवलेली असेल तर स्वयंपाकघर मनापासून काम करतंय. डोंगर रचून वरून पिवळा धबधबा सोडला असेल तर मॅच बघत खा, तक्रार करू नका. आणि हे सगळं ‘अस्सल मेक्सिकन नाही’ असं तुमच्या टेबलावर कोणीतरी म्हणणारच. पिवळं चीज आणि एवढं जिरं मेक्सिकोत नसतं हे खरं. पण हे टेक्सासचं गावरान जेवण आहे, आणि त्याला कोणाची उपशाखा म्हणून खायची गरज नाही.

आता टिप, कारण इथे आपल्या लोकांबद्दल मी स्वयंपाकघरामागे जे ऐकलंय ते ऐकून कान तापायचे. टेक्सासात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने दिलेली रोख मजुरी तासाला २.१३ डॉलर असली तरी चालते, बाकीची भर टिपमधून धरलेली असते. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. शिवाय सर्व्हर आपल्या विक्रीतला ठरावीक वाटा बारटेंडर आणि टेबल पुसणाऱ्या पोराला देतो, तुम्ही टिप ठेवली नाही तरी. म्हणजे शून्य टिपचं टेबल त्याला खिशातून पडतं. करापूर्वीच्या रकमेवर १८ ते २० टक्के धरा. सहा किंवा आठ माणसांच्या वर बसलात तर बरीच ठिकाणं १८ टक्के आधीच लावतात, ते बिलावर बघून घ्या, नाहीतर दोनदा द्याल. आणि मॅचच्या दिवसाचा एक अलिखित हिशोब आहे. एरवी तासाभरात टेबल मोकळं होतं. तुम्ही साडेतीन तास बसलात तर सर्व्हरच्या हातून दोन टेबलं गेली. चिप्स-साल्सा फुकट असले तरी टोपली सहा वेळा भरून आणायला पाय लागतातच. म्हणून टक्केवारीच्या वर दहा-वीस डॉलर जास्त ठेवा. पुढच्या वेळी हाच सर्व्हर सासूबाईंचं पान न सांगता नीट लावून आणेल. वेगवेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देण्यापूर्वी सांगा, शेवटी नाही.

सासरे क्रिकेट लावायला सांगतील, त्याचंही उत्तर देतो. विचारायला हरकत नाही, पण रविवारी मॅचच्या वेळी नाही. शिवाय बारला घरगुती सब्स्क्रिप्शन चालत नाही, सार्वजनिक प्रक्षेपणाचं वेगळं आणि महाग घ्यावं लागतं, म्हणून सर्व्हरच्या फोनवरून टीव्हीला जोडायचा हट्ट धरू नका. जून २०२४ मध्ये ग्रँड प्रेअरीला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं तेव्हा कुठे आमच्या मालकाला क्रिकेटचं चॅनेल असतं हे कळलं. बॉक्सिंगच्या मोठ्या लढतीच्या रात्री मात्र दारातच प्रवेश शुल्क घेतात. लढत दाखवायला बारला जागेतल्या माणसांच्या क्षमतेनुसार पैसे मोजावे लागतात. अशा रात्री सहकुटुंब जाऊ नका.

शेवटी गोड. फ्लान (कॅरमल कस्टर्ड) आणि त्रेस लेचेस (दुधात भिजवलेला केक) दोन्हींत अंडं. चुरोच्या (तळून साखर-दालचिनी लावलेल्या कांडीच्या) पिठात काही जण घालतात, काही नाही. सोपापिया हा सासूबाईंसाठी सगळ्यात सोपा: मैद्याची तळलेली, फुगलेली उशी, वर मध. तिच्या पिठात बहुधा अंडं नसतं, पण चरबीचा आणि कढईचा तोच जुना प्रश्न विचारा. आणि त्या आठवड्यात सासऱ्यांचा वाढदिवस येत असेल तर सर्व्हरला सांगण्याआधी दोनदा विचार करा. सांगितलंत तर एक गोड पदार्थ फुकट मिळेल, पण त्याबरोबर पाच-सहा जण टाळ्या पिटत येतील, सासऱ्यांच्या डोक्यावर टेबलाएवढी सोम्ब्रेरो हॅट चढवतील आणि अर्धा हॉल मॅच सोडून बघेल. आमच्याकडे काही आजोबा त्यावर उठून नाचलेत, आणि काहींनी मुलाशी घरी पोचेपर्यंत अबोला धरलाय.